पाहुणे दीडशे, बाटल्या किती?

समारंभासाठी मद्य किती आणायचे, याचा अंदाज आपल्याकडे बहुतेक वेळा पाहुण्यांच्या यादीवरून बांधला जातो. दीडशे पाने, म्हणजे वीस खंबे आणि बिअरचे पाच-सहा बॉक्स, असा हिशेब घरातले एखादे अनुभवी काका तोंडी सांगतात आणि ‘कमी पडायला नको’ म्हणून त्यावर आणखी चार बाटल्या चढतात. हा अंदाज जवळपास नेहमी फुगलेला निघतो. जेवण प्रत्येक पाहुणा जेवतो, मद्य प्रत्येक पाहुणा घेत नाही. आणि मराठी समारंभात न घेणाऱ्यांची संख्या घेणाऱ्यांपेक्षा सहसा मोठी असते. म्हणून हिशेब घेणाऱ्यांच्या नावांपासून सुरू करावा लागतो. बाटल्या, बर्फ, सोडा, परवाना आणि रात्री घरी सोडणारी गाडी हे सगळे त्या नावांच्या मागून येते.

मोजायला आधी एक माप हवे. व्हिस्की, रम, व्होडका, जिन यांची मोठी बाटली ७५० मिलिलिटरची. तिला खंबा म्हणतात. ३७५ची हाफ, १८०ची क्वार्टर आणि सर्वांत लहान ९०ची. बिअर ६५० मिलिलिटरच्या बाटलीत, ३३०च्या पिंटमध्ये किंवा ५००च्या कॅनमध्ये मिळते. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची. ओतताना छोटा पेग ३०चा आणि मोठा ६०चा, म्हणजे एका खंब्यातून २५ छोटे किंवा साडेबारा मोठे पेग निघतात.

बाटल्यांचे आकार वेगळे आणि आतल्या अल्कोहोलचे प्रमाणही वेगळे. सगळ्यांना एका रांगेत आणायचे तर शुद्ध अल्कोहोलच्या वजनात मोजावे लागते. भारतात बनणाऱ्या व्हिस्की-रमची तीव्रता बहुतांशी ४२.८ टक्के असते. तिच्या ३० मिलिलिटरमध्ये १२.८ मिलिलिटर अल्कोहोल असते, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन जवळपास बरोबर १० ग्रॅम भरते. छोटा पेग म्हणजे १० ग्रॅम, हे लक्षात ठेवायला सोपे माप आहे. यापुढे ‘माप’ म्हटले की हेच.

या मापाने बिअरकडे पाहिले की यजमानांची सर्वांत मोठी गफलत समोर येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार साधी बिअर ५ टक्क्यांपर्यंतची आणि स्ट्राँग बिअर त्याच्या वर, ८ टक्क्यांपर्यंतची. ५ टक्क्यांच्या ३३०च्या पिंटमध्ये १३ ग्रॅम, म्हणजे १.३ मापे. तीच बिअर ६५०च्या बाटलीत अडीच मापांची होते. पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५०च्या बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असते: चार छोटे पेग, किंवा दोन मोठे. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणून दोन स्ट्राँग बाटल्या संपवणाऱ्याच्या पोटात एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू गेलेली असते. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरच्या ग्लासात दीड माप आणि संपूर्ण बाटलीत साडेसात मापे असतात.

इंटरनेटवर मिळणारी तयार गणिते वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेत एक प्रमाणित ड्रिंक १४ ग्रॅमचे, ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचे. न्यू जर्सीतल्या भावाने पाठवलेला तक्ता पुण्यात जसाच्या तसा लावला, तर आकडा मुळातच चुकतो. त्या तक्त्यांमागचे दुसरे गृहीत अधिक घातक आहे: सगळे प्रौढ पाहुणे मद्य घेतात, असे ते धरून चालतात.

घेणारे कोण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी जणींनी आपण मद्य घेतो असे सांगितले. गोव्यात हेच प्रमाण पुरुषांत सुमारे ३७ आणि स्त्रियांत साडेपाच टक्के होते. घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा वर असणार. शहरी, नोकरदार मित्रमंडळींत तो बराच वर जातो, हेही खरे. पण नातेवाइकांनी भरलेल्या स्वागत समारंभात निम्मे पुरुषही पेला हातात घेत नाहीत, आणि महाराष्ट्रातली यादी गोव्यातल्या यादीसारखी मोजता येत नाही.

टक्केवारी दिशा दाखवते. आकडा मात्र नावांवरूनच काढावा. निमंत्रितांच्या यादीवर दोन माणसांनी बसावे, एक घरातले आणि एक मित्रांतले, आणि प्रत्येक नावापुढे खूण करावी: घेत नाही, कधीतरी, नेहमी. दीडशे नावांना अर्धा तास लागतो. ‘कधीतरी’वाल्यांना निम्मे धरावे. जोडीने येणाऱ्यांपैकी घरी गाडी कोण चालवणार हे ठाऊक असेल, तर तो माणूस शून्यात जातो.

यादीतून वयानेही काही नावे गळतात. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे, व्हिस्की-रमसारख्या मद्यासाठी २५ वर्षे. नवऱ्या मुलाच्या २३ वर्षांच्या मावसभावाला व्हिस्की देणे घरच्या समारंभातही बेकायदा ठरते. त्याच्या नावापुढे बिअर लिहावी किंवा काहीच लिहू नये.

मग पंचांग. तारीख ठरवताना ते उघडले जाते, बाटल्या मोजताना मात्र कोणी पाहत नाही, आणि मराठी घरांत मद्याच्या खपावर त्याच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच होत नाही. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, खप चढतो आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे पेला उलटा ठेवतात. त्यांतले काही जण तो थेट गणपतीनंतर सरळ करतात. नवरात्रात पुन्हा तीच शिस्त. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरात घट असतो, आणि नेमका तो लग्नसराईचा काळ. याशिवाय प्रत्येकाचा स्वतःचा वार असतो: कोणाचा सोमवार, कोणाचा दत्ताचा किंवा स्वामींचा गुरुवार, कोणाचा शनिवार, कोणाची संकष्टी. शनिवारची पार्टी सोयीची म्हणून ठरवली जाते आणि मारुतीचा वार पाळणारे दहा जण लिंबूपाणी मागतात. वर्षअखेरची रात्र गुरुवारी आली, तर गेल्या वर्षीचा हिशेब यंदा लागू पडत नाही. नेहमी घेणाऱ्या पंधरा-वीस जणांना फोनवर ‘तुझा वार नाही ना?’ एवढे विचारले, तरी दोन-तीन खंबे वाचतात.

समारंभाचा प्रकारही महत्त्वाचा. मंगल कार्यालयातल्या लग्नात मद्य नसतेच. ते येते आदल्या रात्रीच्या कॉकटेलला, मित्रांच्या फार्महाउसवरच्या बैठकीत किंवा हॉटेलातल्या रिसेप्शनला. वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवदांपत्यासाठी टोस्ट हा सोहळ्याचाच भाग असतो, आणि तिथे न घेणाऱ्यांच्या हातातही त्या क्षणापुरता वाइनचा ग्लास असतो. टोस्टसाठी १०० मिलिलिटर पुरतात. एका बाटलीत सात ग्लास बसतात. हा खर्च पार्टीच्या हिशेबात न मिसळता वेगळा धरावा.

मापे आणि बाटल्या

घेणारे ठरले की वेळ पाहायची. पाश्चात्त्य देशांत रुळलेला ठोकताळा असा: पहिल्या तासात दोन ड्रिंक, पुढच्या प्रत्येक तासाला एक. तो छोट्या पेगाच्या मापात घेतला तर आपल्याकडेही बऱ्यापैकी जुळतो. चार तासांच्या कार्यक्रमाला माणशी सरासरी पाच मापे म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त अल्कोहोल घेण्याला अतिरेकी पिणे मानते. पाचाचा आकडा या रेषेच्या अलीकडे आहे, आणि यजमानाने खरेदी तिच्या पलीकडे नेऊ नये. मोकळेपणाने सांगायचे तर पाच हाही मोठाच आकडा आहे. २०२३मध्ये याच संघटनेने अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नसल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे पाच ही खरेदीची वरची मर्यादा. प्रत्येकाच्या गळी उतरवायचा कोटा नव्हे.

उदाहरण म्हणून पुण्यातला डिसेंबरमधला एक काल्पनिक कार्यक्रम घेऊ. एकूण १५० पाहुणे, त्यांत २० मुले. उरलेल्या १३० प्रौढांपैकी नावांवर खुणा करून, वारकरी-माळकरी, उपासवाले आणि गाडी चालवणारे वगळून, घेणारे ४२ निघाले. चार तास, माणशी पाच मापे: २१० मापे. हेच गणित सगळे १५० धरून केले असते तर ७५० मापे आली असती, म्हणजे व्हिस्कीच्या हिशेबात ३० खंबे. २१० मापांना साडेआठ खंबे पुरतात. या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजेच दर समारंभाला उरणारी दारू.

आता २१० मापे आवडीप्रमाणे वाटायची. आपल्याकडे व्हिस्कीची बाजू जड असते, म्हणून तिला निम्मी: १०५ मापे, ४.२ खंबे, म्हणजे पाच. बिअरला तीस टक्के: ६३ मापे, साध्या बिअरच्या ४८ पिंट. पिंटचा बॉक्स २४चा येतो, त्यामुळे बरोबर दोन बॉक्स. वाइनला दहा टक्के: २१ मापे, तीन बाटल्या. उरलेली २१ मापे व्होडका, जिन किंवा ओल्ड मंक आवडणाऱ्यांची: एक खंबा, किंवा दोन प्रकारांच्या दोन हाफ. एकूण भरते सुमारे २३५ मापे, म्हणजे गरजेपेक्षा १२ टक्के जास्त. एवढी शिल्लक पुरे. आणि ती व्हिस्कीतच ठेवलेली बरी, कारण न फोडलेला खंबा वर्षानुवर्षे टिकतो, उरलेली बिअर नाही.

वाटणी ऋतूप्रमाणे हलते. एप्रिल-मेच्या दुपारी बिअरचा वाटा निम्म्यावर जातो, महाबळेश्वरच्या डिसेंबरात रम वर येते. स्त्रिया जास्त असतील तर वाइन आणि जिन वाढवावी. रेडपेक्षा व्हाइट वाइन आपल्या हवेत आणि मसालेदार जेवणासोबत जास्त खपते; नाशिक पट्ट्यातल्या वायनरींमुळे ती परवडणाऱ्या किमतीतही मिळते. कॉकटेलची लांब यादी मात्र टाळावी. प्रत्येक नव्या कॉकटेलसाठी एक बाटली फुटते आणि तिच्यातले पाऊण मद्य तसेच उरते. एक जिनचे, एक व्होडकाचे, एवढे दोन प्रकार दीडशे माणसांना भरपूर होतात. स्ट्राँग बिअर समारंभाच्या खरेदीत असूच नये, असे इथे ठामपणे म्हणावेसे वाटते: पिणाऱ्याला ती साध्या बिअरसारखी वाटते, शरीराला वाटत नाही.

गोव्यात कार्यक्रम असेल तर वाटणीत फेणी येते. काजूफेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा पेय ठरवले. तिची तीव्रता व्हिस्कीच्या आसपास असल्याने माप तेच, ३० मिलिलिटर. उर्राक मात्र वेगळे. काजूबोंडांच्या आंबवलेल्या रसाचे ते पहिले ऊर्ध्वपातन, मार्च ते मे एवढ्याच दिवसांत मिळणारे आणि साधारण १५ टक्क्यांचे. त्यात एक माप म्हणजे ८५ मिलिलिटर. लिंबू, मीठ, हिरवी मिरची घालून सोड्यासोबत ते उन्हात सरबतासारखे जाते, म्हणून ओतणाऱ्याने मोजूनच ओतावे.

बर्फ, सोडा, पाणी, चखणा

मद्य कमी पडल्याच्या तक्रारींपेक्षा बर्फ आणि सोडा संपल्याच्या तक्रारी जास्त असतात. वरच्या उदाहरणात व्हिस्की-व्होडकाची १२६ मापे म्हणजे ६३ मोठे पेग. प्रत्येकात १८० मिलिलिटर मिसळायचे धरले तर ११ ते १२ लिटर लागतात. यातला निम्मा सोडा, उरलेले साधे पाणी आणि थोडा थम्स अप किंवा टॉनिक. सोड्याच्या लहान बाटल्या घ्याव्यात. दोन लिटरची फोडलेली बाटली अर्ध्या तासात मरते.

बर्फाचे दोन हिशेब असतात. ग्लासात घालायला घेणाऱ्यामागे अर्धा किलो, म्हणजे २१ किलो. सरबतांना लागेल तो वेगळा. बिअर थंड करायला लागणारा बर्फ भौतिकशास्त्राने काढता येतो. ३० अंशांवरची पिंट ५ अंशांवर आणताना, बाटलीच्या काचेसह, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळतो. ४८ पिंटना सहा किलो. उघड्या टबातली गळती धरून त्याच्या अडीच-तीन पट, म्हणजे १५ ते १८ किलो घ्यावा. टबात नुसता बर्फ न टाकता पाणी आणि दोन मुठी मीठ घालावे. पाणी बाटलीला सगळीकडून भिडते आणि फ्रिजमध्ये तासन्‌तास लागणारे काम अर्ध्या तासात होते. बर्फ कुठून येतो हेही विचारावे. मासे आणि माल टिकवण्यासाठी बनणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा नसतो. तो ओळखू यावा म्हणून २०१८पासून महाराष्ट्रात अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक झाले. ग्लासात जाणारा बर्फ बंद पिशवीतला, खाद्य बर्फ बनवणाऱ्याकडचाच असावा. टबातला बर्फ कोणीही ग्लासात घालू नये, तो कितीही स्वच्छ दिसला तरी.

न घेणारे १०८ जण याच समारंभाचे पाहुणे आहेत, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा कोमट कोला येतो. हा सर्वांत खटकणारा भाग. त्यांच्यासाठी माणशी २०० मिलिलिटरचे तीन ग्लास धरले तर ६५ लिटर पेय लागते, आणि ते मद्याइतक्याच काळजीने ठरवावे: कोकम सरबत, सोलकढी, मसाला ताक, उन्हाळ्यात पन्हे, लिंबू सोडा. हे टेबल बारच्या शेजारीच, तसेच सजवलेले आणि तितक्याच तत्पर माणसाच्या हाताखाली असले, तर घेणारेही मधूनमधून तिकडे वळतात आणि दारूचा खप आपोआप उतरतो. पिण्याचे पाणी सगळ्यांसाठी, माणशी पाऊण ते एक लिटर.

चखण्यात खारे शेंगदाणे, फरसाण, वेफर्स एवढेच असले की तहान वाढते आणि ग्लास लवकर रिकामा होतो. पोटात अन्न असेल तर अल्कोहोल आतड्यात सावकाश उतरते आणि रक्तातली पातळी कमी राहते. विशेषतः प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असलेले अन्न. उकडलेल्या शेंगा, चणा कोळीवाडा, पनीर, उकडलेली अंडी, चिकन, सुरमईचे तुकडे पहिल्या पेगासोबतच फिरू लागले पाहिजेत. आपल्याकडे जेवण साडेदहा-अकरापर्यंत लांबते आणि तोवर दोन मोठे पेग रिकाम्या पोटी गेलेले असतात. नऊला जेवण लावले तर बारचा खर्चही घटतो आणि भांडणेही.

परवाना, वार, सीमा

महाराष्ट्रात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. मुंबई राज्याच्या या कायद्याला एफ. एन. बलसारा यांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५१मध्ये औषधी व प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त पदार्थांसंबंधीची कलमे रद्द केली आणि बाकीचा कायदा मुख्यतः कायम ठेवला. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची चौकट राहिली. त्यामुळे मद्य विकत घेणे, जवळ बाळगणे आणि पिणे या तिन्हींसाठी व्यक्तीला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत दुकानातच मिळतो, वर्षाचा १०० रुपयांत, आजीवन १,००० रुपयांत. एका परवान्यावर किती मद्य जवळ ठेवता येते यालाही मर्यादा आहे. म्हणून मोठ्या समारंभाची सगळी खरेदी एकाच माणसाच्या नावावर आणि एकाच गाडीत नेणे शहाणपणाचे नाही.

हॉल, लॉन, सोसायटीचे सभागृह किंवा फार्महाउसवर पाहुण्यांना मद्य द्यायचे असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. जागामालकाची संमती लागते, म्हणून निदान आठवडाभर आधी सुरुवात करावी. शुल्क बदलत असते. ते विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. अनेक मंगल कार्यालये संमती देतच नाहीत, आणि हे हॉल ठरवतानाच विचारायला हवे. परवाना असलेल्या हॉटेलात बाहेरच्या बाटल्या चालत नाहीत. तिथे हॉटेलच्याच दराने पॅकेज घ्यावे लागते. हॉटेलवाले ते माणशी ठरवू पाहतात, यजमानाने बाटलीच्या हिशेबाचा आग्रह धरावा. घेणारे ४२ असताना १३० जणांचे पैसे भरण्याचे कारण नाही.

विक्री बंद असलेल्या दिवसांची यादी दरवर्षी पाहावी. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर तर ठरलेलेच. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीही त्यात असतात. निवडणुकांचा नियम आणखी कडक आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५सीनुसार मतदान संपण्याआधीचे ४८ तास मतदानक्षेत्रात मद्य विकणे, देणे किंवा वाटणे निषिद्ध असते, आणि यात खासगी जागाही येतात. आधी घेऊन ठेवलेल्या बाटल्या घरच्या पार्टीत वाटल्या तरी तो भंगच.

वर्धा जिल्ह्यात १९७५पासून आणि गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५मध्ये आली आणि २०२१मध्ये उठली. वर्ध्यातल्या लग्नासाठी नागपुरातून बाटल्या नेणे हा गुन्हा आहे. तिथल्या कार्यक्रमाचे गणित शून्यावर संपते.

गोव्याचा मोह सगळ्यांत मोठा, कारण किमतीतला फरक मोठा. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्य आपापला कर लावते, आणि महाराष्ट्राने जून २०२५मध्ये उत्पादन शुल्क आणखी वाढवले. तरीही गोव्यात विक्रीसाठीच्या बाटल्या परवान्याविना महाराष्ट्रात आणणे बेकायदा आहे. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर याच कारणासाठी गाड्या तपासल्या जातात. चार खंब्यांच्या बचतीसाठी गाडी जप्त करून घेण्यात अर्थ नाही.

स्वस्त मालाच्या मागे लागण्याचा याहून मोठा धोका बनावट दारूचा. मुंबईत मालवणीमध्ये जून २०१५मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे गेली. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी, सील पाहावे, बिल घ्यावे. ओळखीच्या कोणी ‘मागच्या दाराने’ आणलेला बॉक्स समारंभात नको.

त्या रात्री

खरेदीचे गणित ओतणाऱ्याच्या हातावर टिकते किंवा मोडते. मापाशिवाय ओतलेला मोठा पेग सहज ७५-८० मिलिलिटरचा होतो आणि पाच खंब्यांचे काम सात खंबे करतात. बारवर एक जाणता माणूस आणि पेग मोजायचे स्टीलचे माप हवेच. बाटल्या टेबलावर मोकळ्या ठेवून ‘घ्या आपापले’ म्हणणे टाळावे. एका वेळी प्रत्येक प्रकाराची एकच बाटली फोडावी. उरलेल्या खोक्यात, नजरेआड. कार्यक्रम संपण्याच्या तासभर आधी बार बंद व्हावा. ही वेळ निमंत्रणाच्या मेसेजमध्ये सांगितली तर कोणाला वाईटही वाटत नाही.

घरी परतण्याची व्यवस्था हा हिशेबाचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असेल तर गाडी चालवणे गुन्हा ठरतो: पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्वीडिश वैद्य एरिक विडमार्क यांच्या सूत्राने पाहिले तर ७० किलो वजनाच्या पुरुषाने चार तासांत पाच मापे घेतली, की शेवटी त्याच्या रक्तातली पातळी ४०च्या आसपास असते. म्हणजे सरासरीइतकेच, सावकाश, जेवून-खाऊन घेणारा माणूसही गाडी चालवण्याच्या मर्यादेबाहेर असतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच मद्यात ही पातळी आणखी वर जाते. काळी कॉफी, लिंबू, थंड पाण्याची अंघोळ यांनी ती उतरत नाही. यकृत तासाला साधारण एक माप हाताळते आणि त्याला घाई करता येत नाही. म्हणून ४२ जणांच्या पार्टीला दोन-तीन भाड्याच्या गाड्या रात्री एकपर्यंत उभ्या ठेवाव्यात. त्यांचा खर्च दारूच्या खर्चातच लिहावा. बजेट अपुरे असेल तर दोन खंबे कमी करावेत, गाड्या नाहीत. आणि ‘ड्रायव्हरमंडळींचंही बघा’ म्हणून त्यांच्याकडे क्वार्टर पाठवण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती पूर्ण बंद व्हावी. त्यांना गरम जेवण, बसायला जागा आणि चहा द्यावा.

उरलेल्या बाटल्या दुकानदार परत घेईल यावर विसंबू नये. न फोडलेले खंबे उभे, अंधाऱ्या कपाटात ठेवावेत. आडवे ठेवले तर तीव्र मद्य बुचाला खाते. फोडलेला खंबा वर्षभर सहज टिकतो, मात्र तळाशी थोडीच उरली असेल तर हवा लागून चव उतरते, म्हणून ती आधी संपवावी किंवा लहान बाटलीत काढावी. लाकडी बुचाची न फोडलेली वाइन याउलट आडवी ठेवायची, आणि फोडलेली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. त्यानंतर ती फक्त स्वयंपाकाच्या उपयोगाची. बिअरच्या बाटलीवरची तारीख पाहावी, कारण ती साधारण सहा महिन्यांतच चांगली लागते. बर्फाच्या टबातून काढलेल्या बाटल्या पुसून सावलीत ठेवाव्यात. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतल्या बिअरला उन्हाने काही मिनिटांतच उग्र वास येऊ लागतो.